गंगापूर धरणाचा काठ फिरायला खुला असावा का, आणि कितपत?

गोदाकाठ:

नाशिक शहर पश्चिमेकडे वाढत वाढत आता गंगापूर धरणाच्या जवळ येऊन ठेपले आहे. गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंना जिथे द्राक्षबागा होत्या तिथे आज इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींत राहणारी माणसे रविवारी सकाळी चालायला, सायकल चालवायला, मुलांना पाणी आणि पक्षी दाखवायला साहजिकच धरणाकडे वळतात. बोट क्लबचा परिसर सोडला तर त्यांच्यासाठी आखलेली वाट नाही. मग ज्याला जिथून पाणी दिसते तिथून तो गाडी खाली उतरवतो. पाण्यापासून चार हातांवर गाडी उभी राहते, दारे उघडून गाणी लावली जातात, आणि संध्याकाळी मंडळी उठून गेल्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा गाळात रुतून राहतात, ज्यांवर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गुराचा किंवा मुलाचा पाय पडतो.

माझे मत असे आहे की काठ लोकांना खुला असावा, पण तो पायी आणि सायकलीने. गाड्या डांबरी रस्त्यालगतच थांबवाव्यात. तिथून पुढे मुरूम दाबून केलेली साधी वाट असावी, सिमेंटची नव्हे. ध्वनिक्षेपक आणि मद्य यांना पूर्ण मनाई असावी, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात बोट क्लबच्या ठरलेल्या क्षेत्राबाहेर इंजिनाची एकही बोट जाऊ नये. हे शहराच्या पिण्याचे पाणी आहे, एवढे कारण खरे तर पुरेसे आहे.

काठ बंद करा असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की बंदीचे फलक लावल्याने आजवर कोण थांबले? जिथे सकाळ-संध्याकाळ कुटुंबे, वृद्ध, सायकलस्वार यांची ये-जा असते, तिथे दारूच्या मैफली जमत नाहीत. जिथे चालायला नीट वाट असते, तिथे पाण्यात उतरण्याचा मोहही कमी होतो. धरणाचा उतार वरून सौम्य दिसतो, पण पाण्याखालच्या गाळात पाय रुतला की पोहता येणारा माणूससुद्धा अडकतो, आणि आपल्या जिल्ह्यातल्या धरणांवर दर उन्हाळ्यात तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

माळटिटवी:

वाट झाली की वाटेमागून काय काय येते, ते पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी सोमेश्वरच्या धबधब्यावर जाऊन पाहावे. आधी माणसे येतात, मग कणसांच्या आणि वडापावच्या गाड्या येतात, मग त्यांच्यासाठी दिवे, आणि शेवटी वाहनतळ मोठा करण्याची मागणी येते. या क्रमात मधेच कुठे थांबता येते असे मला वाटत नाही, म्हणून माझा आखलेल्या वाटेलाच विरोध आहे.

धरणाचा काठ आपल्याला रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. मार्चपासून पुढे पाणी जसजसे मागे हटते तसतशी खडे-मातीची जी उघडी पट्टी तयार होते, तीच टिटवीची वीण होण्याची जागा. ती घरटे म्हणून काही बांधत नाही. जमिनीत उथळ खळगा करते, त्यात बारीक खडे आणि शेळ्यांच्या लेंड्या जमवते, आणि त्यात चार ठिपकेदार अंडी घालते, जी दोन पावलांवर उभे राहूनही दिसत नाहीत. भर उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना थंड ठेवते. माणसे आसपास अर्धा तास रेंगाळली तर टिटवी डोक्यावर ओरडत फिरत राहते आणि खाली अंडी तापून जातात. पाहणाऱ्याला वाटते की पक्षी नुसता कलकलाट करतो आहे.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. पाणथळ जागांसाठीचे 2017 चे केंद्रीय नियम पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना लागू होत नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्याच नांदूर मध्यमेश्वरलाही माणसाने बांधलेला बंधाराच आहे, पण तिथे अभयारण्य घोषित झालेले आहे आणि जानेवारी 2020 मध्ये ते राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, त्यामुळे तिथे वन विभाग हात धरू शकतो. गंगापूरच्या काठावर पक्ष्यांच्या बाजूने असा हात धरणारे कुणी नाही. लगाम नसताना घोडा बाहेर काढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सायकलवारी:

मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण करणारे महाजन बंधू ज्या शहराचे, त्या शहरात सायकल चालवणाऱ्याला आजही ट्रकच्या शेजारून त्र्यंबक रोडने जावे लागते. मुरुमाची वाट पहिल्या पावसात वाहून जाईल. जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा, पक्का, रुंद सायकल मार्ग करावा. त्याने शहराला चांगली ओळख मिळेल आणि आजूबाजूच्या गावांनाही रोजगार मिळेल.

निवृत्त अभियंता, इंदिरानगर:

पूर्ण वळशाचा मार्ग नकाशावर छान दिसतो, परंतु जलाशय म्हणजे बागेतले तळे नव्हे. ऑक्टोबरमध्ये पाणी जिथे असते तिथून ते मे महिन्यात उथळ बाजूला कितीतरी दूर गेलेले असते. मार्ग पाण्याच्या कडेने आखला तर तो पावसाळ्यात बुडतो, आणि पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे भरलेल्या धरणाचे पाणी जिथवर येते तिच्या, वरून आखला तर उन्हाळ्यात पाणी त्याच्यापासून लांब राहते व माणसे शेवटी मार्ग सोडून गाळातून चालत जातात. शिवाय वळसा पूर्ण करायचा म्हणजे मिळणारे सगळे ओहोळ ओलांडायचे, उतार कापायचे आणि भराव घालायचे. 1965 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची मूळ साठवण क्षमता सुमारे 7,200 दशलक्ष घनफूट होती आणि आज हिशेबात 5,630 दशलक्ष घनफूट धरली जाते, कारण मधली जागा गाळाने घेतली. त्याच काठावर आपण हौसेसाठी आणखी माती मोकळी करायची, हे मला पटत नाही. पक्के बांधकाम पाण्यालगत टिकते हा समजही तपासून घ्यावा. 2016 च्या पुरात शहरातली गोदावरीच्या पुराची खूण मानली जाणारी दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली, तेव्हा नदीकाठच्या गोदा पार्कच्या ट्रॅकचे काय झाले ते शहराने पाहिले आहे.

मात्र माळटिटवी यांच्या संपूर्ण विरोधालाही माझी संमती नाही. माझी पत्नी चाकाच्या खुर्चीवर आहे. दिव्यांगांना सार्वजनिक जागी प्रवेश मिळण्याचा हक्क 2016 च्या कायद्याने मान्य केला आहे, पण मोठ्या पाण्याजवळ तिला घेऊन जाता येईल अशी एकही जागा मला या परिसरात माहीत नाही. नीट दाबलेला, चढ-उतार नसलेला थोडासा मुरमाचा पट्टा आणि त्याच्या टोकाला सावलीत बाक एवढे मिळाले, तरी अनेक घरांतली माणसे बाहेर पडतील. वळशाची गरजच नाही. कृषिनगरच्या ट्रॅकवर लोक त्याच त्या फेऱ्या मारून समाधानाने घरी जातात.

धरणकाठचा शेतकरी:

आपल्या सर्वांच्या बोलण्यात काठ म्हणजे मोकळी जागा असे धरून चाललेले दिसते. आमच्या आजोबांच्या पिढीने ही जमीन धरणाला दिली. पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते तिच्यावर आजही गाळपेर होते. त्या गाळाला ना खत लागते, ना फारसे पाणी. हरभरा, गहू, गुरांसाठी मका, असे जे निघते त्यावर काही घरांचे निम्मे वर्ष निघते. रविवारी येणारी मंडळी त्याच रानातून गाड्या खाली नेतात, चाकांखाली वाफे जातात, आणि जाताना हरभऱ्याचे डहाळे उपटून नेणे यात त्यांना काही गैर वाटत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते रान कुणाचेच नसते. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी ओढणाऱ्यांचे वेगळेच हाल आहेत. रात्री पाण्याकडेला बाटल्या फुटतात आणि सकाळी जाळे ओढताना काच हाताला लागते.

तरीही मी बंदी मागत नाही. बंदी आली की पहिली आमच्यावर येते, गुरे पाण्यावर नेण्यावर येते, शहरातल्या गाड्यांवर नंतर येते. माझे म्हणणे असे आहे की गाडी कुठे थांबेल, शुल्क किती असेल आणि माणसे कोणत्या बांधावरून चालतील, हे काठावरच्या ग्रामपंचायतींनी ठरवावे व ते पैसे गावात राहावेत. नांदूर मध्यमेश्वरजवळच्या चापडगावला गावातलीच मुले पाहुण्यांना पक्षी दाखवतात, दुर्बीण देतात आणि मनोऱ्यापर्यंत नेऊन परत आणतात. मनोऱ्यावरून दिसते तेवढे पाहून माणसे खुशीने परततात, पाण्यात उतरत नाहीत. पहिल्या लेखात वाट, नियम, मनाई सगळे आले, पण तिथे उभे राहून "भाऊ, गाडी इथेच लावा" हे म्हणणार कोण, ते आले नाही.

गोदाकाठ:

भाऊ, आपला शेवटचा प्रश्न कळीचा आहे आणि त्यावर माझे उत्तर आपल्यासारखेच आहे: राखण गावानेच करावी. मात्र शुल्क वाहनावर असावे, चालणाऱ्यावर नसावे. ज्याच्याकडे गाडी नाही, जो शहर बसने येऊन दोन तास चालू पाहतो, त्याला पाणी पाहण्यासाठी पैसे मोजावे लागू नयेत. बागांना, तलावांना, टेकड्यांना एकेक करून तिकीट लागत गेले तर मोकळ्या हवेत फिरणे ही पैसेवाल्यांचीच चैन होऊन बसेल.

सायकलवारी यांना सांगायचे तर पक्का मार्ग हवाच, पण तो गंगापूर रोडवर आणि त्र्यंबक रोडवर हवा, जिथे जिवाला धोका आहे. काठावर नको.

माळटिटवी यांच्याशी माझा मतभेद राहतोच. हिवाळ्यात दूरवरून येणाऱ्या चक्रवाक बदकांसाठी काठ बंद, मार्चपासून जून टिटवीसाठी बंद, असे धरले तर लोकांसाठी उरतो फक्त पावसाळा, आणि तोच सर्वांत धोक्याचा. असा नियम कुणी पाळणार नाही, आणि न पाळला जाणारा नियम पक्ष्यांच्याही कामाचा नाही.

माळटिटवी:

मग ऋतूंवर वाटणी करू नका, जागेवर करा. धरणाच्या भिंतीकडची खोल पाण्याची बाजू, जिथे पक्षी थोडे असतात, तिथे सुरक्षा विभागाची हरकत नसेल तेवढ्या अंतरावर अभियंता साहेबांच्या मुरमाच्या पट्ट्याला माझा विरोध राहणार नाही. पश्चिमेकडचा उथळ भाग मात्र बारा महिने सोडून द्यावा. लडाख-तिबेटकडून उतरलेले चक्रवाक आणि इथलेच हळदी-कुंकू बदक त्या उथळ पाण्यातच चरतात, आणि त्यांना दिवसातून चार वेळा उडवून लावले तर परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी चक्रवाक उडण्यातच घालवतात. तिथे मनोरासुद्धा नको.

धरणकाठचा शेतकरी:

ताई असाल वा दादा, उथळ भाग बारा महिने सोडून द्या म्हणता, पण गाळपेरीचे रान तेच आहे. आम्ही तिथे पेरतो, राखतो, काढतो, आणि पक्षीही तिथेच असतात. आमच्या वावराने ते उडून जात नाहीत. गाडीने आणि गाण्याने उडतात. फिरणाऱ्यांना तो भाग बंद करा, त्याला माझा पाठिंबा आहे, पण कागदावर "प्रवेश बंद" लिहिताना पेरणाऱ्याचे आणि जाळे टाकणाऱ्याचे नाव त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले असले पाहिजे. नाहीतर आमच्या ग्रामसभेत मी स्वतः याच्या विरोधात उभा राहीन.