मदत हवी आहे: मेक्सिकोच्या गुरांना अमेरिकेची सीमा बंद, मग गोमांस कसं येतंय?

अमेरिका-मेक्सिको गुरांच्या व्यापाराचे आकडे जुळवतोय. ११ मे २०२५ ला जिवंत गुरांची आवक थांबली, ७ जुलैला ॲरिझोनातलं डग्लसचा सीमानाका उघडला, ९ जुलैला तोही बंद. तरी त्याच महिन्यांत अमेरिकेच्या आयातीत मेक्सिकोचं गोमांस दिसतंय. रकाना चुकतोय का? आणि सीमा उघडी असताना वासरू नेमकं कशाकशातून जातं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
रकाना बरोबर आहे. व्यापाराच्या आकड्यांतल्या मालाच्या संकेतांकांत ०१०२ म्हणजे जिवंत गुरं, ०२०१ ताजं किंवा थंड केलेलं मांस, ०२०२ गोठवलेलं. बंदी पहिल्यावर आहे, कारण स्क्रूवर्म. ही माशी जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला एका वेळी २००-३०० अंडी घालते. दिवसाभरात अळ्या निघतात आणि जिवंत मांस खात ५-७ दिवस आत घुसतात, मग जमिनीवर गळून मातीत कोष करतात. शीतगृहातल्या मांसात हे चक्र पुढे जाऊच शकत नाही. मात्र ते मांस अमेरिकेला मान्य असलेल्या, केंद्रीय तपासणीखालच्या (टिफ) कत्तलखान्यातलंच लागतं.

प्रतिसाद २
खाद्यगोठ्यांसाठी (फीडलॉट, जिथे दाणा घालून कत्तलीआधी वजन वाढवतात) जाणाऱ्या वासरांपुरतं सांगतो. गोऱ्हा खच्ची केलेला हवा, कालवडीचं अंडाशय काढलेलं हवं. कानात बिल्ला, उजव्या पुठ्ठ्यावर शेपटीच्या मुळाशी 'एम'चा डाग, क्षयाची चाचणी. मग औषधाच्या हौदात पूर्ण बुडवणं आणि खोड्यात घालून हाताने चाचपणं: शेपटीखाली, जांघेत, मानेच्या पोळीत. गुरांत ताप पसरवणारी एक जिवंत गोचीड सापडली तरी लॉट अडकतो. पुन्हा हौद, पुन्हा तपासणी.

गोम अशी की खच्चीकरण, बिल्ला, डाग या नियमानेच केलेल्या जखमा माशीला आयत्या मिळतात. म्हणून त्या भरून सुकल्याशिवाय जनावर हलवू नये. ओली खपली दिसली की तपासनीस बाजूला काढणारच. आधीच्या एका बंदीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये आवक पुन्हा सुरू झाली तेव्हा मेक्सिकोतल्या सीमेलगतच्या सान हेरोनिमो आणि आग्वा प्रिएता इथल्या गुरांच्या वाड्यांत आधी तपासणी-उपचार आणि विलगीकरण अशी जादा पायरी आली.

प्रश्नकर्ता
आभार. मग मे महिन्यातल्या बंदीचा परिणाम जूनच्या अमेरिकी कत्तलीत का दिसत नाही?

प्रतिसाद २
दिसणार नाहीच. सीमा ओलांडणारं वासरू २००-२५० किलोचं असतं. आधी चराई, मग टेक्साससारख्या ठिकाणी दाण्यावर, ६०० किलोच्या पुढे गेल्यावर कत्तल. जिवंत आवकेचा आकडा किमान सहा-आठ महिने पुढे सरकवून कत्तलीशी ताडून बघा. तिकडे अडकलेली वासरं उत्तर मेक्सिकोतच पोसली गेली तर त्यांचं मांस पुढे ०२०१ मध्ये दिसू शकतं, त्यामुळे दोन्ही रकाने एकत्र वाचा.

प्रतिसाद १
अवांतर: सीमेवरची तपासणी हा उपाय नव्हे, फक्त अडसर. मादी आयुष्यात एकदाच जुगते, म्हणून वंध्य नर सोडून माशीची पैदास मोडतात. अमेरिकेने १९६६ मध्ये आणि मेक्सिकोने १९९१ मध्ये ती अशीच हटवली होती. पनामातला कारखाना आठवड्याला सुमारे १० कोटी वंध्य माशा देतो. माशी थेट मेक्सिकोत पसरल्यावर एवढ्या पुरत नाहीत.