मदत हवी आहे: गॅरेथ एन्सवर्थच्या वायकॉम्बसारखा खेळ पोरांकडून कसा बसवून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

इथे प्रीमियर लीगच्या खालचं इंग्लिश फुटबॉल पाहणारेही बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचा सराव मी घेतो. पोरं काटक आहेत, पळायला कधी नाही म्हणत नाहीत. पण मैदान इतकं खडबडीत की जमिनीवरून दिलेला पास उसळतोच. गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत वर चढायचं, हे व्हिडिओत दिसतं तसं आमच्याकडे होत नाही. म्हणून एन्सवर्थ मॅनेजर असतानाच्या वायकॉम्ब वाँडरर्स या इंग्लिश क्लबचा अभ्यास सुरू केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एन्सवर्थचा जन्म १९७३, ब्लॅकबर्नचा. उजव्या बगलेचा मिडफिल्डर. प्रेस्टन, लिंकन, पोर्ट व्हेल असा बहुतेक काळ खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. १९९८ मध्ये विम्बल्डनने त्याला घेतलं तेव्हा प्रीमियर लीगही दिसली. सुरुवातीला तो मॅनेजर जॉन बेकच्या हाताखाली वाढला. मैदानाच्या कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढू द्यायचं, म्हणजे लांब मारलेला चेंडू तिथे अडतो आणि विंगर त्यावर पोहोचतो, यासाठी बेक प्रसिद्ध होता. एन्सवर्थच्या डोक्यातला थेट खेळ तिथूनच आला असावा, असं मला वाटतं.

सप्टेंबर २०१२ मध्ये वायकॉम्बने खेळाडू असतानाच त्याच्या हाती संघ दिला. मे २०१४ मध्ये शेवटच्या दिवशी टॉर्कीला ३-० हरवलं, तिकडे ब्रिस्टल रोव्हर्स घरच्या मैदानावर हरले, आणि निव्वळ गोलफरकावर क्लब लीगमध्ये टिकला. क्लबने त्याला त्यानंतरही ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं. २०१८ ला लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, बढती. जुलै २०२० मध्ये रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्डला २-१ हरवून १८८७ चा हा क्लब इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, गेला. तिथे पहिले सातही सामने हरूनसुद्धा शेवटी एकाच गुणाने खाली आला.

आता माझी खरी अडचण. लांब चेंडू मारणं कोणालाही येतं. अकिनफेनवासारखा भक्कम स्ट्रायकर त्यावर झेपावला की उडालेला 'दुसरा चेंडू' (हवेतल्या झटापटीनंतर सुटा पडलेला) वायकॉम्बलाच मिळायचा, ते कसं? त्या क्षणी मिडफिल्डचे तिघं नेमके कुठे उभे असायचे? टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे हे दिसतच नाही. माझी पोरं तर सगळी चेंडूकडेच धावतात आणि मागे मोकळं रान. वरून घेतलेलं, पूर्ण मैदान दिसणारं चित्रण कुठे मिळेल का? दुसऱ्या चेंडूचा सराव दहा-बारा पोरांत कसा लावायचा, हे कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

कॉर्नरबद्दलही विचारायचंय. वायकॉम्बच्या जेकबसनने सप्टेंबर २०१९ मध्ये लिंकनविरुद्ध हॅटट्रिक केली, त्यातले दोन गोल थेट कॉर्नरवरून. त्या वेळी गोलकीपरभोवती माणसं कशी उभी केली होती?

आणखी एक, फेब्रुवारी २०२३ मध्ये एन्सवर्थ स्वतःच्या जुन्या क्लबात, क्वीन्स पार्क रेंजर्सकडे गेला. संघ कसाबसा वाचवला, पण ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. माझ्या मते हा खेळ वर्षानुवर्षं आपण निवडलेल्या माणसांवर उभा राहतो, आयत्या संघावर तो चढवता येत नाही. तुम्हाला तसं वाटतं का? की चॅम्पियनशिपच्या दर्जापुढे तो खेळच अपुरा पडला? त्या काळातले रेंजर्सचे सामने नियमित पाहिलेल्या कोणाकडून ऐकायला आवडेल, कारण मला पोरांना एवढंच शिकवून थांबायचं की पुढे पासिंगही घालायचं, हे त्यावरून ठरवायचंय.

इंग्रजी लेख, व्हिडिओ, काहीही चालेल. सराव संध्याकाळी असतो, त्यामुळे उत्तर द्यायला रात्रीच जमेल.