लाकडी सांगाड्याचे घर पुढे बदलता येईल असे कसे आखावे?

प्रश्न : आम्ही लाकडी खांब-तुळयांचे घर बांधणार आहोत. पुढे आई-वडील सोबत राहायला येतील, मुले कदाचित बाहेर पडतील. तेव्हा फारशी तोडफोड न करता खोल्या बदलता याव्यात, यासाठी आत्ताच काय काळजी घ्यावी?

उत्तर १ : छताचा आणि मजल्याचा सगळा भार खांब-तुळयांवरच येईल असा सांगाडा आखून घ्या, म्हणजे आतल्या भिंती केवळ आडोशापुरत्या राहतात आणि त्या हलवल्या तरी मजबुतीला धक्का लागत नाही. वाऱ्याचा आडवा जोर पेलणारे तिरके आधार मात्र शक्यतो बाहेरच्या भिंतींत ठेवा. ते आत आले, की ती भिंत कायमची अडकते.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे. नळ आणि वायरिंगही हलत्या भिंतींतून नेऊ नये. वृद्धांसाठी दारे ९० सेंटिमीटर रुंद आणि न्हाणीघरात चाकाची खुर्ची वळण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा ठेवावी. तिथल्या भिंतीत आत्ताच आडव्या फळ्या बसवल्यास आधाराचे दांडे पुढे कधीही लावता येतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. फळ्यांचा विचार मनात आलाच नव्हता.

उत्तर १ : भिंती झाकण्यापूर्वी प्रत्येकीचे मापांसह छायाचित्र अवश्य काढून ठेवा.