'पासून' म्हणजे नक्की कुठल्या दिवसापासून?

म्हापसा: एका कचेरीसाठी माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलाची मुदत काढणारा प्रोग्राम लिहितोय. २००५ च्या कायद्याचं कलम १९(१): निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत. निर्णय ३ नोव्हेंबरला मिळाला, तर प्रोग्राम शेवटची तारीख २ डिसेंबर दाखवतो. साहेब म्हणतात, चूक. 'पासून'मध्ये पहिला दिवस धरत नाहीत का?

फोंडा: बोलताना धरतोच की! 'सोमवारपासून सुट्टी' म्हटल्यावर सोमवारी दप्तर घेऊन कोण जातं? मराठीची बोटंच तशी मोजतात. सोमवार ते सोमवार आठ भरतात, म्हणून 'आठ दिवसांनी या' म्हटलं की माणूस त्याच वारी दारात हजर.

डिचोली: कायद्याचं 'पासून' निराळं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ९ बघा. केंद्रीय कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते हा कायदा सांगतो. 'फ्रॉम' आलं की पहिला दिवस गळतो. म्हणजे ४ नोव्हेंबर पहिला, ३ डिसेंबर तिसावा. पण त्या दिवशी गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, कचेरी बंद! मग कलम १० लागतं, कचेरी ४ ला उघडी असेल तर ४ ला दिलेलं अपील मुदतीतच. सुट्ट्यांची यादी कुठली घातलीत?

म्हापसा: पुण्याहून आलेल्या तयार मॉड्यूलमधली. त्यात ३ डिसेंबर कामाचा दिवस आहे.

डिचोली: घ्या! दोन दिवस गेले अर्जदाराचे.

मडगाव: जरा विषयांतर. या कामालाच मराठीत काय म्हणायचं? इंग्रजीत 'कोड' म्हणजे कायदाही नि प्रोग्रामही. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड नवराबायकोच्या सामायिक मालमत्तेला अजून लागतो, त्याला संहिता म्हणू. प्रोग्राम ती आज्ञावली. आणि नुसतं 'कोड' म्हटलं की आजीला अंगावरचे पांढरे डाग आठवतात.

फोंडा: 'आज्ञावली' फार छापील. कचेरीत 'नियम सिस्टीममध्ये बसवले' म्हणतात, तेच बरं. बसवायचं म्हटलं की थोडं दाबावं लागणार, हेही त्यात आलं. १९८६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजवाल्यांनी ब्रिटिश नागरिकत्व कायदा प्रोलॉग या प्रोग्रामिंगच्या भाषेत बसवला. सापडलेलं बेवारस अर्भक 'उलट दाखवलं गेलं नाही तर' नागरिक, असं एक कलम त्यात आहे. तिथे 'तसं नाही' आणि 'तसं ठाऊक नाही' यांच्यातला फरक सांभाळता सांभाळता पुरेवाट.

म्हापसा: मी स्क्रीनवरून 'पासून' काढूनच टाकतो. सरळ '४ डिसेंबरपर्यंत' लिहितो. 'पर्यंत'मध्ये ४ तारीख धरायची ना?

डिचोली: धरायची. कलम ९ चाच उरलेला अर्धा भाग.