अनुभव धागा: बोटीवरून उतरून बेटावर

चाफा
काल पासपोर्ट रिन्यू करायचा म्हणून जुना बाहेर काढला. चाळताना सेशेल्सचा शिक्का दिसला. तिथला शिक्का गोल नाही की चौकोनी नाही, कोको द मेरच्या आकाराचा असतो, म्हणजे त्यांच्या त्या जोडनारळाच्या. फॉर्म तसाच राहिला, तासभर नुसती बसून होते.

आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी पैसे काढून त्यांना तिथे यॉटवर नेलं होतं. 7 रात्री, पाहुणे जेमतेम 40. बोटीवरच्या थाटामाटाचं आज फारसं काही आठवत नाही. आठवतं ते खाली उतरल्यावरचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि क्युरियूज बेटावर आम्ही उतरलो तिथे धक्का नव्हता. वेट लँडिंग. झोडियॅकमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून जायचं आणि गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा. आई म्हणाली, "तुम्ही जा, मी इथूनच बघते."

उतरवून घेणारा मुलगा तिला म्हणाला, हात नको, मनगट द्या. त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला त्याचं धरायला लावलं. ओला हात निसटतो, पण मनगटात मनगट अडकलं की एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. रबरी काठावर बसवलं, पाय बाहेर वळवायला सांगितले. एक लाट जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. मग म्हणाला, "नाऊ, ममा." आई पाण्यात उभी!

तिथे अल्डाब्राची मोठी कासवं मोकळी फिरतात. रेंजरने सांगितलं, मानेखाली खाजवून बघा. आईने खाजवलं, तर ते धूड चारही पायांवर उंच उठलं, मान ताणली आणि डोळे मिटून घेतले. मानेची कातडी सैल, सुरकुतलेली, उन्हाने कोमट झालेली. आई दहा मिनिटं तिथून हलली नाही. "बघ गं कसं लाड करून घेतंय," म्हणाली.

आई जाऊन आता 3 वर्षं झाली. तुमच्या आठवणी लिहा ना. यॉट असो की मोठी क्रूझ, बोटीवरून उतरून जे केलंत ते.

वेलची
सकाळी सकाळी रडवलंस गं. डबे भरून झाले की लिहिते.

गलबत
चाफाताई, मी 6 वर्षं अशाच छोट्या बोटीवर एक्स्कर्शन डेस्कला, म्हणजे किनाऱ्यावरच्या सहली ठरवतात तिथे होतो, त्यामुळे हे वाचून राहवेना. तो मुलगा दोन लाटा उगाच थांबला नव्हता. लाटा गटागटाने येतात. मोठ्यांचा गट जाऊ द्यायचा, मग थोडा वेळ पाणी बरं असतं, तेवढ्यात माणूस उतरवायचा.

पाहुणे नाश्त्याला असतात तेव्हा आमची पहिली झोडियॅक रिकामी जाऊन आलेली असते. लाट कशी आहे, वाळूत खडक कुठे आहेत, परतताना भरती असेल की ओहोटी. मग पाणी, टॉवेल, प्रथमोपचाराची पेटी, रेडिओ असं सगळं पुढे जातं. उतरताना कार्ड स्कॅन, चढताना स्कॅन, आणि आकडा जुळल्याशिवाय नांगर उचलत नाहीत.

सगळ्यात अवघड काम म्हणजे लँडिंग रद्द झालं हे सांगणं. आकाश निळंशार, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि तरी स्वेल आलेला असतो. वादळ शेकडो मैल दूर कुठेतरी झालेलं असतं, त्याच्या लाटा इथे येतात. लोक विचारायचे, "कुठे आहे वादळ?" त्यांचा राग मला समजायचा, एवढी वाट पाहून आलेले असतात. पण टेंडर, म्हणजे किनाऱ्यावर नेणारी छोटी होडी, आणि बोट यांच्या मध्ये सापडलेला एक घोटा मी पाहिलाय. त्यानंतर कॅप्टनने नाही म्हटलं की मला एकदाही वाईट वाटलं नाही.

उनाडसावली
सेशेल्सच ना, मग कझिन बेट! तिथे यॉटची झोडियॅक किनाऱ्याला लागूच देत नाहीत. बेटाची स्वतःची बोट येऊन आपल्याला घेऊन जाते, म्हणजे चुकून उंदीर वगैरे यायला नको. 1968 साली ते बेट पक्ष्यांसाठी विकत घेतलं तेव्हा सेशेल्स वॉर्बलर हे छोटे पक्षी 30 सुद्धा उरले नव्हते. आता डोक्यावर चिवचिवत असतात. पांढरा सुरय पक्षी घरटं बांधतच नाही, आडव्या फांदीवर नुसतं अंडं ठेवतो. माझ्या नाकासमोर होतं एक. श्वास रोखून उभी होते, आणि डास पाय फोडून काढत होते. डासांचं औषध न्याच.

मीठपाणी
बोट लागू नये म्हणून काय करता सगळे? आमचं डिसेंबरचं बुकिंग आहे आणि ह्यांना गाडीसुद्धा लागते.

उनाडसावली
@मीठपाणी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. केबिन खालच्या डेकवर आणि बोटीच्या मध्यावर मागा.

वेलची
आले. आमचं पॅसिफिकमध्ये, ताहिती बाजूला, सोसायटी बेटांवर. बोराबोराचा लगून सगळ्यांनी पाहिलेला असतो, मी ताहाआचं सांगते. व्हॅनिलाचं बेट. जाताना वाटलं होतं, शेत काय बघायचं, पण तिथेच मन अडकलं.

व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. त्याला फळवणारी माशी तिथे नाही, म्हणून प्रत्येक फूल माणसाने हाताने फळवायचं. त्या बाईंनी माझ्या हातात काडी दिली. फुलाची पाकळी अलगद फाडायची, आत पातळ पडदा असतो तो काडीने उचलायचा आणि अंगठ्याने परागकण हळूच दाबायचे. माझं पहिलं फूल चिरडलं. दुसऱ्याला त्यांनी माझा अंगठा धरून दाबला आणि हसल्या. त्या एका फुलाची शेंग पिकायला 9 महिने लागतात म्हणाल्या. बाळच की! ही युक्ती 1841 मध्ये रीयुनियन बेटावर एदमों आल्बियूस नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. 12 वर्षांचा! माझा धाकटा आत्ता तेवढाच आहे, त्याला सांगितलं तर जेवता जेवता थांबला.

हे मोत्यांच्या शेतीकडे गेले होते, ते वेगळं लिहायला लावते त्यांना.

पाचोळा
आमचा अनुभव कडू आहे, लिहू का? कॅरिबियनमधलं डॉमिनिका बेट. ट्राफल्गार धबधबा बघायचा म्हणून सहल घेतली. बसने दोन दुकानांत 40-40 मिनिटं थांबवलं आणि धबधब्यापाशी 20. जोडधबधबा आहे, आम्ही एकच नीट पाहिला. मुलगी परत येताना गप्प बसली होती, तिला त्या गरम पाण्याच्या डोहात बसायचं होतं. ते अजून मनात आहे.

चाफा
@पाचोळा अरेरे. लिहायलाच हवं हे, गोडच हवं असं काही नाही.

गलबत
@पाचोळा वाईट वाटलं. पुढच्या वेळी डेस्कला तीनच गोष्टी विचारा: बसमध्ये किती वेळ, चालणं किती, आणि प्रत्यक्ष जागेवर किती मिनिटं. "साधारण" म्हणाले तर पुन्हा विचारा. आणि स्वतःच्या स्वतः टॅक्सी करून जाणार असाल तर घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, ती बेटाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. बोटीची सहल उशिरा आली तर थांबतात, एकट्यादुकट्यासाठी नाही थांबत.

शिंपला
मला पोहता येत नाही. कॅरिबियनमध्येच ग्रेनाडाला मोलिनिअर बेमध्ये पाण्याखाली पुतळे आहेत, 2006 पासूनचे. हात धरून गोल उभी असलेली माणसं. लाइफ जॅकेट घालून तरंगत नुसतं डोकं खाली घातलं. आधी फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, मग ते चेहरे दिसले, गालांवर प्रवाळ उगवलेलं. गाइड माझ्या जॅकेटचा पट्टा धरून होता, एकदाही सोडला नाही. बाकी नंतर, कुकरची तिसरी शिट्टी.

मीठपाणी
वेट लँडिंगला चप्पल की बूट?

उनाडसावली
मागे पट्टा असलेले सँडल. चप्पल लाट घेऊन जाते, माझी नेली.

चाफा
गलबतदादा, दोन लाटांचं आज कळलं. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "दोन कुठल्या, मी बोटीतून मोजत होतो. सात मोठ्या होत्या, मग तिला उतरवलं."

वेलची
कासवाचा फोटो टाक ना.

चाफा
बाबांच्या फोनमध्ये आहे. जेवून झोपलेत, उठले की मागते.