खप आणि प्रभाव
नियतकालिकांबद्दल 'खप नाही तर प्रभाव कसला?' असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' घ्या. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३, पदरमोड करून चालवलेलं छोटं मासिक. संततिनियमनाबद्दल चारचौघांत ब्र काढायची सोय नव्हती, तेव्हा वाचक तिथे पत्रं पाठवून अगदी खाजगी शंका विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता छापील उत्तरं देत. (आजची सल्ल्याची सदरं त्यापुढे फारच सोवळी वाटतात!) १९३४ साली अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. निकाल विरोधात गेला, दंडही झाला, पण मासिक कर्व्यांच्या अखेरीपर्यंत निघतच राहिलं. दणदणीत खपाच्या किती नियतकालिकांनी तेव्हा ती उत्तरं छापली असती?