मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येच काचबिंदूचं लेझर (फेको + ईसीपी): करून घ्यावं का?

सांजवात:
आईचं वय ६८. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजव्यात मोतीबिंदूही बराच वाढलाय. टिमोलॉल, ब्रिमोनिडिन, लॅटानोप्रोस्ट हे दाबाचे तिन्ही थेंब चालू असताना उजव्याचा दाब १९. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू काढतानाच आतून ईसीपी लेझर करू. ओपीडीत बसवून करतात तेच का हे? थेंब सुटतील का? नुसता मोतीबिंदू काढला तर नाही का चालणार?

कोन_उघडा:
नाही, ते वेगळं. ओपीडीतलं एसएलटी डोळ्यातलं पाणी बाहेर जायच्या जाळीवर करतात. ईसीपी पाणी तयार करणाऱ्या भागावर, म्हणजे बुबुळामागच्या सिलिअरी प्रोसेसेसवर होतं. तिथे बाहेरून नजर पोचत नाही म्हणून एंडोस्कोप लागतो. एकाच बारीक प्रोबमध्ये कॅमेरा, उजेड आणि ८१० नॅनोमीटरचं डायोड लेझर असतं.

फेको करून (म्हणजे मोतीबिंदू फोडून काढून) नवी लेन्स भिंगाच्या पिशवीत बसवली की बुबुळ आणि लेन्स यांच्यामध्ये व्हिस्को (जेलसारखा पदार्थ) भरून जागा करतात आणि त्याच छेदातून प्रोब आत घालतात. ताकद साधारण ०.२ ते ०.३ वॅट. स्क्रीनवर बघत एकेक प्रोसेस पांढरी पडून आक्रसेपर्यंतच शेकायची. 'पॉप' झालं, म्हणजे ऊतीत बुडबुडा फुटला, की जास्त झालं समजा. पुढे सूज त्यामुळेच वाढते. दोन प्रोसेसमधली खाच सोडली तर परिणाम अर्धवट राहतो. एका छेदातून पूर्ण वर्तुळ हाती लागत नाही. पूर्ण ३६० अंश करायचं तर दुसरा छेद घ्यावा लागतो. शेवटी व्हिस्को नीट धुऊन काढला नाही तर त्याच रात्री दाब चढतो.

थेंब सुटतील ही आशा धरू नका. एखादी बाटली कमी झाली तरी ऑपरेशन सफल म्हणायचं.

आता मला सांगा: गोनिओस्कोपीत (खास भिंगाने होणारी तपासणी) डोळ्यातला कोन, म्हणजे पाणी बाहेर जायची जागा, उघडा आहे की बंद? आणि फिल्ड टेस्टमधला एमडी (नजरेच्या क्षेत्राचं सरासरी नुकसान) किती?

सांजवात:
फाईलवर 'कोन उघडा' लिहिलंय. उजव्याचा एमडी उणे ७. मधुमेह आहे.

नस_आणि_दाब:
कोन बंद असता तर मी म्हटलं असतं, आधी नुसता मोतीबिंदू काढा. फुगलेलं भिंग निघालं की कोन मोकळा होतो आणि दाब बराच उतरतो. २०१६ च्या 'ईगल' चाचणीत तर कोन बंद असलेल्यांचं स्वच्छ भिंग काढूनही फायदा दिसला. उघड्या कोनात फेकोने होणारी घट थोडी असते आणि ती टिकेलच असं नाही.

एसएलटीबद्दल: २०१९ च्या ब्रिटिश 'लाइट' चाचणीत ३ वर्षांनी सुमारे ७४ टक्के रुग्ण थेंबांशिवाय होते, हा आकडा सगळीकडे फिरतो. पण ते नव्याने निदान झालेले, थेंब न घेतलेले लोक होते. तीन बाटल्यांवर असलेल्या डोळ्याला तो लावू नका.

उणे ७ म्हणजे मध्यम नुकसान. डॉक्टरांनी ठरवलेला टार्गेट दाब १५-१६ असेल तर फेको-ईसीपी योग्य आहे. टार्गेट ११-१२ असेल तर हे पुरणार नाही; ट्रॅबबद्दल (ट्रॅबेक्युलेक्टॉमी, पाण्याला नवी वाट करून देणारं ऑपरेशन) बोला. ईसीपीत डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाण्याचा फुगा करावा लागत नाही, म्हणून ट्रॅबपेक्षा कटकट कमी. पण दाब तितका खाली जातही नाही.

मधुमेह आहे म्हणून पडद्याचा ओसीटी स्कॅन आधी करून घ्याच. ईसीपीनंतर मॅक्युलाला (पडद्याच्या मध्यभागाला) सूज येण्याची भीती असते, आणि पडद्यात आधीच पाणी असेल तर दोष नंतर लेझरच्या माथी जातो. मल्टिफोकल लेन्सही नको. काचबिंदूत कॉन्ट्रास्ट आधीच कमी झालेला असतो, त्यात आणखी भर कशाला?

एस्टिमेटवर नुसतं 'लेझर मोतीबिंदू' लिहिलंय का बघा. ते बहुतेक फेम्टो, म्हणजे मोतीबिंदू काढतानाच वापरायचं लेझर, असतं आणि त्याचा दाबाशी काही संबंध नाही. मेडिक्लेम असेल तर पूर्वमंजुरीत दोन्ही प्रोसिजरची नावं हवीत.

कोन_उघडा:
सहमत. ऑपरेशननंतरचं थोडं.

दुसऱ्या दिवशी आणि पहिल्या आठवड्यात दाब तपासलाच पाहिजे. डायमॉक्स (दाब उतरवायची गोळी) देणार असतील तर सल्फाची ॲलर्जी आणि किडनीचा त्रास आधीच सांगा. स्टेरॉइडचे थेंब साध्या फेकोपेक्षा जास्त वेळा आणि जास्त दिवस लागतात. डोळा पांढरा दिसतोय म्हणून मध्येच बंद केले तर सूज उलटते. मात्र दोन-तीन आठवड्यांनी दाब अचानक वर गेला तर 'लेझर फसलं' म्हणण्याआधी तो स्टेरॉइडमुळे चढलाय का हे बघावं. काचबिंदूच्या रुग्णांत हे वरचेवर होतं. लॅटानोप्रोस्ट कधी सुरू करायचं हे सर्जन सांगतील, सूज असेपर्यंत काहीजण थांबवतात.

आणि डिस्चार्ज कार्डवर फक्त उजव्या डोळ्याची औषधं लिहिलेली असतात. घरी गेल्यावर डाव्या डोळ्याचे जुने थेंब हमखास बंद पडतात. ते त्याच कार्डवर लिहून घ्या.